टायर फुटतो घाटात, बिघडतो माटुंग्यात

2010 च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा टायर वाटेत फुटला, गाडी रस्ता सोडून खड्ड्यात कोसळली आणि आत बसलेला घरातला कमावता माणूस जागीच गेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने 2016 साली कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे, की टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे आणि तिच्यापुढे चालकाचा काही इलाज नसतो. 2023 साली न्यायालयाने ते अमान्य केले. भूकंप किंवा महापूर ही दैवी आपत्ती. टायर फुटतो तो हवा कमी-जास्त असल्याने, वेगाने, उष्णतेने, जुना टायर वापरल्याने, आणि प्रवासाला निघण्याआधी टायर पाहून घेणे हे गाडी चालवणाऱ्याचेच काम आहे, असा त्या निकालाचा आशय होता. हा निकाल भरपाईपुरता वाचून बाजूला ठेवण्यासारखा नाही. रबराचे शास्त्र त्याला पूर्ण दुजोरा देते आणि एक पाऊल पुढेही जाते. मुंबईतल्या मोटारीपुरते बोलायचे, तर टायर घाटात फुटतो ही घटना शेवटची असते. त्याआधीचे सगळे काही आठवडे, कधी काही वर्षे, इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीत घडून गेलेले असते.

माटुंग्यातल्या गाडीचे आयुष्य पाहा. सोमवार ते शुक्रवार ती फाइव्ह गार्डन्सच्या कडेला झाडाखाली, नाहीतर सोसायटीच्या आवारात उभी. फार तर दादर टीटी, सायन, बांद्र्यापर्यंतची धाव, तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. मग गणपतीत, दिवाळीत किंवा मे महिन्यात तीच गाडी माणसे आणि सामान कोंबून कोकणात, महाबळेश्वरला, शिर्डीला निघते. अशी गाडी सात वर्षांत तीस हजार किलोमीटरही पळत नाही. टायरच्या खाचा खोल दिसतात आणि मालक समाधानाने म्हणतो, ‘टायर अजून नवेच आहेत.’ इथेच फसगत होते. टायर झिजून संपतो तसा वयानेही संपतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबराच्या लांब साखळ्या तोडत राहतात, ऊन त्यात भर घालते. हे रोखण्यासाठी कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळतात. टायर फिरतो, दबतो, ताणला जातो तेव्हा हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येते आणि पातळ थर धरते. गाडी उभीच राहिली तर ते पुरेसे वर येत नाही. म्हणजे कमी वापरलेला टायर जपला जातो ही समजूत बऱ्याच अंशी उलटी आहे. दोन-तीन वर्षे रोज धावून झिजलेला टायर मालक वेळीच बदलतो, कारण झीज डोळ्यांना दिसते. उभ्याने म्हातारा झालेला टायर मात्र तो हौसेने घाटात घेऊन जातो.

वय कळण्याची सोय टायरवरच असते. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. 2318 असे असेल, तर तो टायर 2018 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पुष्कळदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत, गाडीच्या पोटाकडे बसवलेली असते, तेव्हा टॉर्च घेऊन वाकावे लागते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कसाही असला तरी काढून टाकावा, असे टायर बनवणारेच सांगतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांवरच थांबायला सांगतात. मुंबईसारख्या दमट, उष्ण आणि धुराने भरलेल्या हवेत मी सहाचीच बाजू घेईन. स्टेपनीलाही हाच हिशोब लागू. डिकीत पडून राहिलेली, कधीच न वापरलेली स्टेपनी गाडीतला सर्वात जुना टायर असू शकते.

वयापेक्षाही मोठा गुन्हेगार म्हणजे कमी हवा. चांगला टायरही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा सोडतो, कारण रबरातून हवा झिरपतच असते. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी 33 ऐवजी 29 वर येऊन ठेपते आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. आजच्या रेडियल टायरच्या भिंती पूर्ण हवा असतानाही किंचित फुगलेल्याच दिसतात. पाच-सहा पीएसआयचा फरक नजरेला कळत नाही आणि लाथ मारून तर नाहीच नाही. आता हा टायर एक्सप्रेसवेवर काय करतो ते पाहू. 185/65 आर 15 हे पुष्कळ मोटारींना बसणारे माप घ्या. या टायरचा घेर जेमतेम दोन मीटर. ताशी 100 किलोमीटर वेगाने तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो, म्हणजे तासाभरात पन्नास हजारांहून जास्त फेरे. प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग रस्त्याला येताना दबतो आणि सुटताना सरळ होतो. रबर दबताना घेतलेली सगळी शक्ती परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन आतच राहते. हवा कमी असेल तर भिंत जास्त दबते आणि उष्णता जास्त साठते. माटुंग्याच्या रहदारीत, ताशी वीसच्या वेगाने, हाच टायर सेकंदाला तीनदाही वाकत नाही आणि आलेली उष्णता निवायला त्याला सवड मिळते. म्हणून शहरात वर्षभर काहीही तक्रार न करणारा टायर कळंबोली सोडल्यावर तासाभरात दगा देतो. आतले पोलादी तारांचे पट्टे आणि रबर यांचा सांधा उष्णतेने सुटत जातो, आणि ज्याला आपण फुटणे म्हणतो तो आवाज हा सांधा पुरता सुटल्यावर येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की टायर फुटतो तो जास्त हवेने, मग उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी. कित्येक जुने ड्रायव्हर हे ठामपणे सांगतात आणि त्यांचा अनुभव दांडगा असतो, त्यामुळे मुद्दा नुसता झटकून चालणार नाही. गणित करून पाहू. सकाळी 30 अंश तापमानाला 33 पीएसआय भरलेला टायर धावून धावून आतून 60 अंशांवर गेला, तर दाब 38 च्या आसपास जातो. एवढा दाब गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. मोटारीच्या साध्या टायरवर कमाल दाब सहसा 44 पीएसआय छापलेला असतो आणि प्रत्यक्ष सहनशक्ती त्याच्याही बरीच पलीकडे असते. धडधाकट टायर या वाढीने फुटत नाही. उलट 28 वर ठेवलेला टायर जास्त दबून जास्त तापतो. उन्हाळ्यात टायर जास्त फुटतात हे निरीक्षण खरे आहे, पण त्याचे खापर जास्त हवेवर फोडणे चुकीचे. खालापूरला चहासाठी थांबल्यावर हवा तपासण्याची सवयही याच गैरसमजातून आली. तापलेल्या टायरवर मीटर 38 दाखवतो, माणूस घाबरून पाच पीएसआय काढून टाकतो, आणि गार झाल्यावर त्याच टायरमध्ये 29 सुद्धा उरत नाही. पुढचा बोरघाट तो कमी हवेवर चढतो. हवा भरायची ती टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावर, सायनपर्यंतही जायच्या आधी. पंपावर हवा फुकट मिळते. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर लिहिलेले असते, आणि पुष्कळ गाड्यांच्या त्या कागदावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा, मोठा आकडा दिलेला असतो. सात माणसे आणि सामान म्हणजे सहज साडेपाचशे किलो. एरवी एकटा मालक घेऊन ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा आकडा त्या दिवशी चालत नाही.

कमी हवा, ओझे, वेग आणि उष्णता एकत्र आल्या की काय होते, याचा जगातला सर्वात मोठा पुरावा अमेरिकेत 2000 साली पुढे आला. फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच गाडीवर बसवलेल्या फायरस्टोनच्या टायरांचे पट्टे धावताधावता सुटू लागले, गाड्या उलटल्या. 65 लाख टायर परत बोलवावे लागले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने या अपघातांशी जोडलेले मृत्यू 271 मोजले. टायरांच्या घडणीत दोष होता, हे खरेच, आणि त्याची जबाबदारी गाडीमालकांवर ढकलता येणार नाही. पण तसेच टायर थंड राज्यांत कमी आणि टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा यांसारख्या उष्ण राज्यांत जास्त सुटले. फोर्डने या गाडीसाठी 26 पीएसआय सुचवला होता. टायर कंपनीचे म्हणणे होते, 30 हवा. दोन कंपन्यांचा वाद पुढे बराच चालला, पण तिथल्या संसदेने त्यातून घेतलेला धडा साधा होता: हवा कमी झाल्याचे माणसाला कळत नाही, तेव्हा गाडीनेच ते सांगावे. टायरमधला दाब मोजून चालकाला इशारा देणारी यंत्रणा तिथे काही वर्षांत नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे ती सगळ्या मोटारींना सक्तीची नाही. 2020 च्या नियमाने मात्र ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचे साहित्य असेल तर लहान वाहनांना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली.

आपल्याकडे याच काळात संशय वळला तो रस्त्याकडे. सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात, असे मुंबई–पुणे एक्सप्रेसवे झाल्यापासून बोलले जाते, आणि समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर ते दुप्पट जोराने बोलले जाऊ लागले. काँक्रीट कडक असते, त्यावरच्या आडव्या चरांनी टायर घासतो, यात तथ्य आहे. पण तापण्याचे म्हणाल, तर भर उन्हात काळे डांबर फिकट काँक्रीटपेक्षा जास्त तापते. फरक पडतो तो रस्त्याने दिलेल्या सोयीचा. समृद्धी 701 किलोमीटरचा, मोटारींना ताशी 120 ची मर्यादा, वाटेत सिग्नल नाही, गाव नाही, वेग कमी करावा असे काही नाही. जुन्या महामार्गावर दर पंधरा-वीस मिनिटांनी कुठेतरी गाडी रेंगाळायची आणि टायर निवायचा; कमजोर टायरला हे जीवदान होते. समृद्धीने ते काढून घेतले. म्हणजे रस्ता टायर बिघडवत नाही, बिघडलेला टायर उघडा पाडतो. परिवहन विभागाने 2023 साली समृद्धीच्या प्रवेशाशीच टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती याच कारणाने. आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी जळून गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही. टायर फुटला म्हटले की कोणाचाच दोष राहत नाही, अशी आपली समजूत असल्याने ते कारण चटकन ओठांवर येते. त्या समजुतीवरच घाव घालायला हवा.

मग खिळा आणि खड्डा यांचे काय? टायरमध्ये खिळा शिरणे हा निव्वळ योगायोग असतो, त्यात माझ्या म्हणण्याला मर्यादा पडते. तरी ट्यूबलेस टायरमधून खिळ्याने हवा बहुधा हळूहळू जाते, आणि दाब दाखवणारे साधन असेल तर थांबायला वेळ मिळतो. खड्ड्याची गोष्ट वेगळी. दर पावसाळ्यात किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केट पाण्याखाली जाते. गढूळ पाण्याखालच्या खड्ड्यात चाक आदळते तेव्हा टायरची भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटते आणि आतले धागे तुटतात. वरचे रबर शाबूत राहते, हवाही जात नाही, गाडी सुरळीत चालते. काही दिवसांनी त्या जागी भिंतीवर अंगठ्याएवढा उंचवटा येतो. पंक्चरवाला त्याला फुगा म्हणतो. फुगा आला म्हणजे त्या जागी हवेला धरून ठेवणारे फक्त रबरच उरले. त्याला इलाज नाही. टायर बदलावाच लागतो. जुलैत किंग्ज सर्कलला बसलेला हा मार गणपतीत वडखळच्या पुढे बाहेर पडतो आणि शिव्या मुंबई–गोवा महामार्ग खातो. त्या महामार्गाला शिव्या द्यायला इतर कारणे भरपूर आहेत, पण हे त्यातले नव्हे. निघण्याच्या आदल्या दिवशी चारही टायरच्या दोन्ही भिंतींवरून हात फिरवला, तर फुगा डोळ्यांआधी बोटांना लागतो.

नायट्रोजनचा उल्लेख एवढ्यासाठी, की पैसे देऊन तो भरणारे पुष्कळ जण निर्धास्त होतात. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, एवढाच काय तो फायदा. तापल्यावर तोही हवेसारखाच प्रसरण पावतो आणि कमी असेल तर टायर तसाच तापवतो.

अलीकडे हा सगळा प्रश्न एका नव्या वाहनात एकवटला आहे. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपायची सोय, ओटा, पाण्याची टाकी असलेली गाडी भाड्याने घेऊन कुटुंबाने कोकण किंवा विदर्भ हिंडावा ही कल्पना फार चांगली आहे. पण टायरच्या दृष्टीने कॅराव्हॅन म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या दोषांची बेरीज. ती हंगामाबाहेर महिनोन्‌महिने उभी असते, तेही आतल्या फर्निचरचे वजन कायम अंगावर घेऊन. आणि ती निघते तेव्हा टाकी भरून, माणसे भरून, दूरच्या पल्ल्याला. मोटारीच्या टायरवर मापाशेजारी छापलेला 88 हा आकडा त्याची भार पेलण्याची क्षमता, 560 किलो, सांगतो. पण ती क्षमता पूर्ण हवेवरची. कॅराव्हॅनच्या टायरवरही असा आकडा असतो, आणि भाड्याने घेताना गादी किती मऊ आहे याआधी तो, बनल्याचे साल आणि हवा पाहावी. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा टूरिस्ट गाडी घेणाऱ्यांनीही. गाडी दुसऱ्याची आहे, आपण कसे विचारायचे, हा संकोच इथे कामाचा नाही. धंदेवाईक ड्रायव्हरला दिवसाच्या फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात आणि टायर कधी बदलायचा ते मालक ठरवतो. प्रवाशाने प्रश्न विचारला तर त्या ड्रायव्हरलाही मालकापुढे बोलायला जागा मिळते.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत पाय आपसूक ब्रेकवर जातो आणि गाडी त्यानेच हातची जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, सरळ ठेवायचे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि वेग आपोआप पुरता उतरल्यावरच ब्रेकला हलका स्पर्श करून डावी कडा गाठायची. मागचा टायर गेला तर गाडीची शेपटी फिरते आणि ती सावरणे पुढचा टायर जाण्यापेक्षा कठीण असते. म्हणून दोनच नवे टायर घेतले, तर ते मागे बसवावेत. आपल्याकडची दुकाने सवयीने पुढे बसवतात आणि गिऱ्हाइकही तसेच मागते. गाडी थांबल्यावर सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून गार्डरेलच्या पलीकडे जावे. घाटाच्या उतारावर, किंवा रहदारीच्या बाजूच्या चाकाला, स्वतः जॅक लावू नये. मदत येईपर्यंतचा उशीर परवडतो.

माटुंग्यातच रेल्वेचे जुने वर्कशॉप आहे, 1915 सालचे. डबा कसाही धावत असला तरी मुदत भरली की तो तिथे येतो. चाके मोजली जातात, आसांत बारीक चीर आहे का ते ध्वनिलहरींनी तपासले जाते. चाक तक्रार करील याची वाट रेल्वे पाहत नाही. खासगी मोटारीला मात्र आपल्या कायद्यात नोंदणीनंतर पंधरा वर्षांपर्यंत कोणतीही तंदुरुस्ती तपासणी नाही. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी गाडी तपासतात आणि 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी खाच असेल तर नापास करतात. ही 1.6 ची मर्यादा आपल्याही नियमांत आहे, ती मोजायला कोणी येत नाही एवढेच. सगळ्या मोटारींची तपासणी उद्यापासून सुरू करा असे म्हणणे व्यवहारी नाही. पण धूर सोडणाऱ्या प्रत्येक गाडीला पीयूसी घ्यावेच लागते, आणि त्या वेळी चारही टायरचे साल, खाच आणि दाब नोंदवणे सहज शक्य आहे. पीयूसीच मुळात उपचार झाला आहे, त्याला आणखी एक उपचार कशाला जोडता, असे कोणी म्हणेल. धूर हवेत विरतो, म्हणून त्याबद्दलचा खोटा कागद पचून जातो. टायरवरचे चार आकडे फोटोत येतात आणि अपघातानंतरही तिथेच राहतात, तेव्हा खोटी नोंद करणाऱ्याला पकडता येते. यासाठी नवे यंत्रही नको. पीयूसी केंद्र बहुधा पेट्रोल पंपाच्या आवारातच असते, आणि हवेची नळी तिथून दहा पावलांवर.